नऊ सेकंदांचा थांबा

कात्रजहून मशीन आणायला आम्ही गेलो तो रविवार होता. मी बरोबर जायचं कारण एवढंच, की टेम्पोवाल्याशी बोलणं आमोदला जमत नाही. तो समोरच्याचं सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि वर त्याला चहा पाजतो. आमोद म्हणजे माझा नवरा. खराडीतल्या ऑफिसांच्या एका मोठ्या इमारतीत वीज, लिफ्ट, एसी असली सगळी यंत्रणा चालू ठेवण्याचं काम त्याच्याकडे आहे. मी जया. बावीस वर्षं एका डिझाइन ऑफिसात मशीनच्या भागांची ड्रॉइंगं केली. आता घरी बसून तेच करते, फक्त सकाळी कोणाकडे बघून हसावं लागत नाही. आमची ओळख त्या ऑफिसातच झाली, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही.

विश्रांतवाडीत आमचं छोटं रो-हाउस आहे. खाली गाडीसाठी शटरची खोली आहे आणि आमच्याकडे गाडी नाही. दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी वल्लरी नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि घरातले बोलायचे विषय तिच्याबरोबर गेले. भाजी कोणती, गॅस कधी लावला, पाणी आलं का, इतपतच बोलणं उरलं होतं. अशात आमोदने मिलिंग मशीनचं खूळ डोक्यात घेतलं. मिलिंग मशीनमध्ये कटर एका जागी गरगर फिरतो आणि धातूचा तुकडा धरलेलं टेबल त्याच्याखालून सरकतं. जुन्या मशीनवर ते टेबल हँडल फिरवून हाताने सरकवायचं. आमोदला तसलं एक छोटं जुनं मशीन घ्यायचं होतं, हँडलं काढून तिथे मोटरी बसवायच्या होत्या आणि पुढचं सगळं कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं होतं. पन्नाशीला पोचलेले पुरुष काय काय करतात ते मी आसपास पाहत होते. त्या मानाने हे परवडलं, निदान माणूस घरात तरी राहील, असं म्हणून मी परवानगी दिली.

मशीन विकणाऱ्याचं नाव संतोष. त्याच्या वडिलांचं, रंगरावांचं, ते मशीन. रंगराव वर्षापूर्वी वारले होते. त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ते ताडपत्रीत गुंडाळून, सुंभाने घट्ट आवळून ठेवलं होतं. गाठी इतक्या पक्क्या होत्या, की शेवटी सुरीने कापाव्या लागल्या. आत मशीन चांगलं राखलेलं होतं. कपाळपट्टीवर हळदीकुंकवाचा जाड थर होता, दर दसऱ्याला एकावर एक चढलेला.

आम्ही ते टेम्पोत चढवत असताना संतोषची आई खाली आली. गोदाबाई. पंचाहत्तरीच्या असतील, हडकुळ्या, डोक्यावरून पदर. बराच वेळ त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या आणि मग आमोदला म्हणाल्या, "चालवनार कोन? तुमीच?"

आमोद म्हणाला, "मी नाही काकू, कॉम्प्युटर चालवेल. मोटरी लावणार आहे. हात लावायची गरजच नाही."

"हात न्हाई ना लावायचा?" त्यांनी पुन्हा विचारलं. आमोदने मान डोलावली. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग न्या," म्हणाल्या आणि वळून निघूनही गेल्या. म्हाताऱ्या माणसांना कॉम्प्युटरचं कौतुक असतं, एवढाच अर्थ मी त्याचा लावला.

पुढचा महिना आमचा त्या शटरच्या खोलीत गेला. आमोद ऑफिसातून येई, हातपाय धुई आणि चहा घेऊन सरळ खाली उतरे. आधी रॉकेलने मशीन पुसून काढलं. बोहरी आळीतून नटबोल्ट आणि कपलिंगं आली, पासोड्या विठोबाजवळून वायरी आणि पॉवर सप्लाय आले, मोटरी कुरिअरने आल्या. एक प्रश्न मात्र अडला. टेबल सरकतं ते एका लांब स्क्रूवर. तो जुना स्क्रू झिजला होता. त्यामुळे मोटरीने दहा मिलिमीटर जा म्हटलं तर टेबल कुठे दहा जाई, कुठे थोडं कमी. शहाणी माणसं इथे नवीन स्क्रू बसवतात. पण आम्ही पडलो पुण्याचे. चालतंय ना अजून, मग टाकायचं कशाला, हे आमच्या दोघांच्याही घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. आमोदने ठरवलं, स्क्रू तोच ठेवायचा. तो प्रत्येक दोन मिलिमीटरवर किती चुकतो ते मोजायचं आणि ते आकडे कॉम्प्युटरला देऊन टाकायचे. म्हणजे झीज कुठे आणि किती, हे कॉम्प्युटरला पाठ होईल आणि तो आपणहून सांभाळून घेईल.

तो मोजपट्टीच्या घड्याळावरचा काटा वाचायचा आणि मी आकडे भरायची. तसे आठ दिवस आम्ही केलं. खरं सांगते, त्या आठ दिवसांत मी फार सुखात होते. खोलीत पंख्याचा आवाज, रॉकेलचा वास, त्याने आकडा सांगायचा आणि मी तो पुन्हा म्हणून दाखवायचा. लग्नाआधी ऑफिसात आम्ही असेच बसायचो. मधेच तो माझ्याकडे बघून हसायचा. हसताना त्याच्या कपाळाला काळा डाग लागलेला असायचा आणि मी तो मुद्दाम सांगायची नाही.

सगळे आकडे भरून झाल्यावर मी सवयीने त्यांचा आलेख काढला. रेघ जवळजवळ सरळ होती. फक्त मध्याच्या थोडंसं अलीकडे ती खोल खाली गेली होती. म्हणजे या मशीनवर कोणीतरी वर्षानुवर्षं एकच काम केलं होतं आणि त्या कामात त्याच एका जागी थांबून पुन्हा निघालं होतं. मी आमोदला म्हटलं, हा रंगरावांचा हात दिसतोय. तो म्हणाला, "बघ ना, माणूस गेला तरी सवय राहिली." तेव्हा आम्हाला ते छान वाटलं.

पहिलं काम म्हणून आमोदने दाराची पाटी करायला घेतली. ॲल्युमिनियमचा जाड पत्रा, त्यावर तिघांची नावं. बटण दाबलं, कटर फिरू लागला, टेबल कोणी हात न लावता सरकायला लागलं आणि आम्ही दोघं लहान मुलांसारखे बघत उभे राहिलो. चकचकीत कीस उडत होता. मग टेबल मध्याच्या जरा अलीकडे आलं आणि थांबलं.

कटर फिरत होता, टेबल जागच्या जागी. आमोदने स्क्रीनकडे पाहिलं. थांबायला सांगणारी ओळ प्रोग्रॅममध्ये कुठेच नव्हती. तेवढ्यात टेबल आपलं आपण पुढे निघालं.

मला मोजायची खोड आहे. कुकरच्या शिट्ट्या, जिन्याच्या पायऱ्या, समोरचा माणूस जांभया किती देतो ते, काहीही. त्यामुळे मला माहीत होतं, की टेबल नऊ सेकंद थांबलं होतं. दुसऱ्या ओळीला त्याच जागी पुन्हा नऊ. तिसऱ्या ओळीलाही नऊ. आमोदने डोकं खाजवलं आणि कारण शोधून काढलं. त्या ठिकाणी झीज जास्त, आकडे मोठे, मोटरींना हुकूम देणारा कंट्रोलर साधा, तेव्हा बिचारा हिशेब करत बसत असणार. मला ते पटलं. न पटायला काही कारणही नव्हतं.

त्या थांब्यात आमोद ब्रशने कीस झाडून घ्यायचा. फिरत्या कटरजवळ हात न्यायचा नाही, हे कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात. ब्रश त्यासाठीच असतो. चौथ्या की पाचव्या दिवशी मी चहा घेऊन खाली गेले, तर ब्रश बाजूला पडला होता आणि आमोद बोटांनी कीस झाडत होता. तर्जनी आणि मधलं बोट ताठ, बाकीची बोटं तळव्यात मुडपलेली. कडेपासून स्वतःकडे दोनदा सफाईने झाडलं, मग त्याच बोटांनी कापलेल्या कडेवरून हलकेच चाचपून पाहिलं आणि हात मागे घेतला. लगेच टेबल पुढे सरकलं.

मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "नऊ सेकंद असतात गं. भरपूर झाले."

त्याचे हात मी सव्वीस वर्षं ओळखते. त्या हातांना इस्त्री करतानासुद्धा चटके बसतात. अशी सफाई त्यांच्यात कधीच नव्हती.

त्याच संध्याकाळी मला तो वास पहिल्यांदा आला. रॉकेल नाही, तेल नाही. लाकडाचा भुसा आणि कपड्यांचा साबण. कारखान्यात पाळी सुटल्यावर कामगार तेलकट हात भुशाने चोळून साबणाने धुतात, तो वास. आमच्या घरात लाकडाचा भुसा कुठेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी थांबा आठ सेकंदांचा झाला. मी सांगितलं तर आमोद हसला, मशीन रुळतंय म्हणाला. मग त्याचा खेळच झाला. रोज संध्याकाळी मी त्याच्यामागे उभी राहून मोठ्याने मोजायची आणि तो बोटांनी कीस झाडायचा. कधी दोन दिवस आकडा तोच राही, मग एकाने उतरे. सात झाले. सहा झाले. तो हाताचा वेग वाढवत होता आणि त्याला त्याची गंमत वाटत होती. ब्रश घे, असं मी रोज सांगायची, तो रोज हो म्हणायचा आणि बोटं पुढे करायचा. एकदा मी ब्रश त्याच्या हातात कोंबला. थांबा आला तसा त्याने तो न बघता खाली ठेवला. आपण ब्रश खाली ठेवला हे त्याला नंतर आठवेना.

पाच झाले तेव्हा मला धास्ती बसली. आमोद ऑफिसात असताना मी एकटी खाली गेले आणि मी भरलेले सगळे आकडे माझ्याच हाताने पुसून टाकले. सगळीकडे शून्य. आता कंट्रोलरला हिशेब करायला काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी मशीन चालू झालं, टेबल त्याच जागी आलं आणि थांबलं. मी मोजले. चार.

आमोदला मी सांगितलं, की आता कारण उरलेलं नाही. तो म्हणाला, "पाटीची शेवटची ओळ राहिलीय. ती झाली की बघू."

"तोवर बोटं जातील आमोद."

"नाही गं. मला कळतं कधी काढायचा हात." आणि मग माझ्याकडे न बघता... "तो सांगतो."

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी घाबरले होते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी आमोदला शपथ घातली, की मी येईपर्यंत शटर उघडायचं नाही. त्याने मान डोलावली. मी कात्रजला गेले. संतोष घरी नव्हता. गोदाबाई गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या. मी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, की रंगराव या मशीनवर कोणतं काम करायचे.

"हे?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी त्याला कदी हात लावला न्हाई."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. भोसरीच्या बाजूला एक कंपनी होती, आता बंद पडली आहे. रंगराव तिथे फोरमन होते. मशीनवर बद्रीनाथ नावाचा माणूस होता, बीडकडचा. अठरा वर्षं तो पंपाचा एकच भाग करत होता. अर्ध्यात आला की हँडल सोडायचा, ब्रशने कीस झाडायचा, कडेवरून दोन बोटं फिरवून काम नीट झालंय ना बघायचा आणि पुन्हा हँडल धरायचा. त्याचा एकही भाग कधी परत आला नव्हता. मग कंपनीला दिवसाला जास्त नग हवे झाले. वरच्यांनी रंगरावांच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि कुठे वेळ वाया जातो ते बघ म्हणून सांगितलं. बद्रीनाथचा हात नऊ सेकंद रिकामा असायचा. रंगराव त्याच्या पाठीशी उभे राहून मोठ्याने मोजायचे. नऊपेक्षा कमी सेकंदांत ब्रशने होत नाही म्हणून ब्रश बंद करून बोटांनी झाडायला त्यांनीच लावलं. दर आठवड्याला एक सेकंद कमी करायचा. बद्रीनाथ गरीब माणूस, उलट बोलला नाही. जमवत गेला.

"एक म्हनले," गोदाबाई म्हणाल्या, "आन् दोन बोटं गेली. किसात हुडकली... गावली न्हाईत."

बाराव्या दिवशी बद्रीनाथ धनुर्वाताने गेला. कंपनी बंद पडल्यावर रंगरावांनी ते मशीन लिलावात घेतलं, ते दुसऱ्या कोणी चालवू नये म्हणून. दर दसऱ्याला नारळ फोडायचे आणि पुन्हा सुंभ आवळायचे. घरात त्यांनी घड्याळ ठेवलं नाही. संतोष लहानपणी लपंडाव खेळताना शंभरपर्यंत आकडे म्हणायचा, तर त्याला मारायचे.

मी विचारलं, त्या दिवशी आम्हाला हे का सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमीच बोल्लात न्हवं, हात लागनार न्हाई." मग त्यांचे लसूण सोलणारे हात थांबले. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलं.

"बाई... तुमी मोजलं तर न्हाई ना?"

मी नाही म्हटलं. का खोटं बोलले ते मला सांगता येणार नाही. शरम वाटली, एवढं खरं. आठ दिवस आमोदच्या शेजारी बसून आकडे मी भरले आणि पुढे रोज संध्याकाळी त्याच्या पाठीशी उभी राहून मी मोजत होते.

"बद्रीनाथला अजून वाटतं, मागं कोनीतरी हुबं हाय," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मी रिक्षात बसले आणि आमोदला फोन लावत राहिले. तो उचलत नव्हता. मशीन चालू असलं की त्याला फोन ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. रिक्षावाला स्वारगेटला अडकला, बंडगार्डनच्या पुलावर अडकला. मी ओठ आवळून बसले होते, कारण माझ्या लक्षात आलं होतं, की रस्त्यावरचे विजेचे खांब मी मोजत चालले आहे. न मोजायचा प्रयत्न करून बघा कधी. डोळे मिटले तर मी श्वास मोजायला लागले.

पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. चांगलं लख्ख ऊन होतं. समोरच्या जोशीकाकू गच्चीत कपडे काढत होत्या, कुठल्या तरी घरात टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. आमचं शटर अर्धं वर होतं आणि आतून कटरचा आवाज येत होता. वाकून आत शिरले तर भुशाचा आणि साबणाचा वास इतका दाट, की ठसकाच लागला. आमोद माझ्याकडे पाठ करून उभा होता. खांदे जरासे पाडलेले, मान एका बाजूला कललेली. तसा तो कधीच उभा राहत नाही.

टेबल मध्याच्या अलीकडे आलं आणि थांबलं. आमोदची दोन बोटं ताठ होऊन पुढे गेली.

मला त्याला हाक मारायची होती. आमोद, हात काढ, एवढंच ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून, माझ्याच आवाजात, शब्द आला...

"एक."

टेबल सरकलं. बोटं अजून तिथेच होती. फिरता कटर त्या दोन बोटांवरून इकडून तिकडे गेला, हे मी दोन हातांच्या अंतरावरून, भर उन्हाच्या उजेडात पाहिलं. मेन स्विच मी कधी पाडला ते मला आठवत नाही. सगळं बंद झालं. टीव्हीवर कोणीतरी बाद झालं असावं, शेजारी टाळ्या वाजल्या.

आमोद वळला. "काय झालं? बंद का केलंस?" जरा वैतागूनच म्हणाला. मी त्याचा हात धरून वर उचलला. पाचही बोटं जागेवर होती. रक्त नाही, ओरखडा नाही. त्याने बोटं हलवून दाखवली. गार लागलं जरासं, म्हणाला. मी तिथेच फरशीवर, किसात बसले आणि रडले. इतकी, की तोच घाबरून पाणी आणायला धावला.

मशीन त्याने स्वतः उघडलं. मला सांगावं लागलं नाही. मोटरी काढल्या, हँडलं पुन्हा बसवली, वर ताडपत्री घातली आणि नवा सुंभ आणून आवळला. पाटी अर्धवटच राहिली. मी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडलं, आता भात वासावर उतरवते. आम्ही पुन्हा भाजी, गॅस आणि पाणी यांवर आलो आणि मला ते चाललं. नवरा धडधाकट होता, मला आणखी काही नको होतं.

आठेक दिवसांनी तो ऑफिसातून कुरकुरत आला. हजेरीचं यंत्र त्याचं बोट घेत नव्हतं. उजवी तर्जनी ठेवली की ते नुसतं 'बोट ठेवा' असंच दाखवत राहायचं. बोट कळत नाही, जुळत नाही, असं काहीच नाही. जणू कोणी काही ठेवलेलंच नाही. मधल्या बोटाचंही तेच. अनामिका लगेच घेतली. मग मोबाइलच्या काचेवर ती दोन बोटं चालेनाशी झाली. डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली. टोचलेलं त्याला कळलं, पण रक्त आलं नाही. थंडीमुळे असेल, असं डॉक्टर म्हणाले. मार्च महिना होता. मी घरात बारकाईने बघायला लागले. ताकाच्या गार पेल्यावर त्याच्या हाताचे ठसे उठायचे ते अंगठ्याचे आणि खालच्या दोन बोटांचे. मधे पेला तसाच दवाने भरलेला राहायचा.

त्याला मी हे दाखवलं नाही. तो त्या बोटांनी शर्टाची बटणं लावतो, पोळी मोडतो. त्याला ती आहेत. मला दिसतात. मी एवढ्यावर समाधान मानायचं ठरवलं होतं.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं भाजी आणायला निघालो. आळंदी रोडच्या चौकात सिग्नलला थांबलो. रस्ता ओलांडताना आमोद माझा हात धरतो, लग्नाच्या आधीपासून धरतो. त्याने धरला. मला अंगठा लागला, अनामिका लागली, करंगळी लागली. मधे वारा लागला. याची मला आता सवय होत होती. मी डोळे मिटून घेतले, कारण समोर सिग्नलचे लाल आकडे उतरत होते आणि मला ते बघायचे नव्हते.

पण पुढच्या स्कूटरवर बापाच्या पुढ्यात एक लहान मुलगी उभी होती आणि ती मोठ्याने म्हणत होती. पाच... चार... तीन... आमोदची पकड घट्ट झाली. मुलगी हसत होती, आणखी जोरात म्हणत होती.

"एक!"

माझ्या तळव्यातून काहीतरी हलकेच निसटलं. मी डोळे उघडले. सगळी वाहनं सुटली होती. त्याचा हात माझ्या हातात होता आणि त्याची पाचही बोटं मला स्वच्छ दिसत होती.

"चल ना, थांबलीस काय?" आमोद म्हणाला आणि मला ओढून घेऊन निघाला. मी त्याच्याबरोबर रस्ता ओलांडला. पलीकडे पोचेपर्यंत माझा हात त्याच्या अंगठ्याने आणि करंगळीने धरलेला होता.